असावा

दहा तोंडांचा रावण
या गल्लीतून सरळ जाऊ शकत नाही,
हे मला कॉम्प्युटरने सांगितलं.
फीत मीच धरली होती,
दुसरं टोक चेतना बडगुजरच्या हातात:
भिंत ते भिंत पाच फूट चार इंच,
मुखवटा कानापासून कानापर्यंत सहा फूट.
पडद्यावर तो अडकला आणि मी
अमळनेरच्या त्या उकडत्या खोलीत एकटीच ओरडले,
म्हणून तर तो तिरपा नाचतो!
वीस वर्षं त्या पावलांना मी शैली म्हणत होते.

तेव्हापासून पंखा लॅपटॉपकडे, मी घामात.
टेंभ्याचा उजेड किती हातांवर संपतो,
नरसिंह खांबातून फुटताना
कुठल्या ओट्यावरच्या बायकांना
नुसता आवाजच येत असेल,
मांडत बसले.
प्रत्येक भिंतीखाली लिहिलं: असावा, असावी, असावं.
भोवाडा चारशे वर्षांचा असावा.
चौक तेव्हा उघडा असावा.
इतकी वर्षं शिकवून मला नीट येणारं
हे एवढंच क्रियापद.

मग ते दुसरं यंत्र आलं, बोलणारं.
विद्यापीठाने पासवर्ड पाठवला, सोबत अभिनंदनाचं पत्र.
उखर्डू मिस्तरींच्या जुन्या कॅसेटमध्ये
सारजेच्या गाण्यात एक जागा रिकामी आहे:
संबळ चालू, आवाज नाही, अकरा सेकंद.
मी विचारलं, इथे काय असावं?
त्याने 'असावं' वाचलंच नाही.
चार ओळी दिल्या. मात्रा चोख,
अहिराणीसुद्धा बरी,
यमकं मोराच्या मानेसारखी वळलेली.
त्या रात्री मी झोपले नाही.
खोटं कशाला बोलू,
आधी आनंदानेच नाही झोपले.

सकाळी पेपर तपासायला घेतले.
एकतीस निबंध, 'माझ्या गावातील लोकनाट्य'.
तीस गावं, एकच घसा.
कुणाच्याच गावात कुणी सोंग घेऊन पडलं नव्हतं,
टेंभ्याचं तेल कुणाच्याच धोतरावर सांडलं नव्हतं.
एकतिसाव्याने लिहिलं होतं दोन वाक्यांत:
आमच्या गावात भोवाडा होत नाहि. का ते माहित नाहि.
त्याला सगळ्यांत जास्त गुण दिले,
आणि लाल पेन हातात धरून
बराच वेळ बसले,
गुण नेमके कशाला दिले ते आठवत.

आखाजीच्या आधी बोरीकाठी गेले.
मिस्तरी मुखवट्यांना चिंचोक्याची खळ लावत होते.
चौऱ्याहत्तर वय, सारजा अजून तेच.
कॅसेट ऐकली, अकरा सेकंदांशी हसले.
"आठे गानं नही, ताई. आठे मानूस दम लेस.
नऊ किलोना मोर शे कंबरले."

मी गप्प. मग त्या चार ओळी वाचून दाखवल्या,
चोरी कबूल करावी तशा.
खळीचा हात हवेत तसाच ठेवून त्यांनी ऐकलं.
"हाई कोनं शे?"
कोणाचंच नाही, म्हणाले.
"मंग मन्हं."

परवा रात्री टेंभ्यांच्या धुरात
सारजा त्या ओळी गाऊन गेली.
दुसरी मिस्तरी विसरले,
तिथे बैलाचं काहीतरी घातलं, लोक हसले.
तिसरीच्या ऐन मध्यावर दम घेतला.
चेतनाने सगळं रेकॉर्ड केलं,
आणि घरी येताना एसटीत म्हणाली,
मॅडम, आता हे खरं झालं का हो?
मी खिडकीची काच वर-खाली करत राहिले.
ती तशीही अर्धीच बंद होते.

आज टीप लिहायची आहे.
काळ: या आठवड्यातला.
कर्ता: इथे रकाना एकच नाव घेतो.
दम घेण्याची नवी जागा मोजली, सात सेकंद,
ती मात्र निःशंक लिहिली.
बाकी कर्सर लुकलुकतोय,
वीज दोनदा जाऊन आली,
आणि रावण त्या गल्लीच्या तोंडाशी तिरपा उभा आहे,
मी अजून त्याला पुढे सोडलेलं नाही.